मृत्यू दाखला नाही, घटस्फोटाचा हुकूम नाही: बालसंगोपनच्या फाईलचे अकरा महिने

जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाच्या भिंतीवर बालसंगोपन योजनेच्या कागदपत्रांची यादी चिकटवलेली होती. अर्ज, पालकाचं आणि मुलांचं आधार, शाळेचं बोनाफाईड, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, बँक पासबुक, घरासमोर मुलांसह काढलेला फोटो. आणि मध्येच, पाचव्या क्रमांकावर, पतीचा अथवा पत्नीचा मृत्यू दाखला.

"मृत्यू दाखला नाही? मग घटस्फोटाचा हुकूम आणा," खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या. तोही नाही म्हटल्यावर "मग बसत नाही तुमचं" म्हणून त्यांनी पुढच्या माणसाचे कागद घेतले.

तो दिवस ११ जून २०२४. मुलांच्या खात्यात पहिली रक्कम आली ती ९ मे २०२५ ला. मधल्या अकरा महिन्यांत कशानंतर काय केलं, कुठे अडलं, किती पैसे गेले ते इथे लिहिते आहे, कारण नवरा सोडून गेलेल्या बाईचा रकाना बहुतेक याद्यांमध्ये नसतोच. घरची हकीगत या लिखाणात कामाची नाही. नवरा हयात आहे, २०२२ पासून वेगळा राहतो, खर्चाला काही देत नाही. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. माझं उत्पन्न महिना साडेपाच हजार. एवढ्यावर पुढचं सगळं समजेल.

योजनेचं पूर्ण नाव क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. अठरा वर्षांखालच्या ज्या मुलांना आईवडील नाहीत, किंवा एकच पालक सांभाळतो आहे, त्यांना संस्थेत न ठेवता घरीच वाढवता यावं म्हणून राज्य सरकार दर मुलामागे महिना २,२५० रुपये देतं. हा आकडा २०२३ पासूनचा. त्याआधी १,१०० होते आणि २०२१ च्या आधी ४२५. एक पालक म्हणजे फक्त विधवा किंवा विधुर नव्हे. घटस्फोट, विभक्त राहणं, परित्याग, अविवाहित मातृत्व, पालकाचा गंभीर आजार, हे सगळं योजनेत धरलेलं आहे. म्हणजे "बसत नाही" हे उत्तर चूक होतं. पण खिडकीवर उभं असताना हे माहीत नसेल तर माणूस मुकाट्याने घरी जातो. मीही गेले.

तीन दिवसांनी, शुक्रवारी, शेजारच्या अंगणवाडी ताईंनी एका स्वयंसेवी संस्थेचं समुपदेशन केंद्र सांगितलं. केंद्र मंगळवार आणि शुक्रवार, अकरा ते चार. फी नाही. मी दहाला जाऊन बसले तेव्हा माझ्याआधी चार जणी होत्या, आणि नंबर लागला तेव्हा दीड वाजला होता. अशा ठिकाणी जाताना डबा आणि पाण्याची बाटली न्यावी. लहान मूल सोबत असेल तर आधी फोन करून विचारावं, काही केंद्रांत मुलांना बसवायला जागा असते, काहींत नसते.

समुपदेशक ताईंनी पहिला पाऊण तास फक्त ऐकून घेतलं आणि तारखा लिहून काढल्या. लग्न कधी, मुलांचे जन्म, शेवटचं भांडण, नवरा कधी गेला, शेवटचे पैसे कधी दिले. जाताना एक सल्ला कुणीही ऐकावा असा: घरून निघण्याआधी या तारखा एका कागदावर उतरवून न्या. तिथे बोलायला लागलं की गळा भरून येतो, आणि वर्ष मागेपुढे होतं. पुढे हीच तारीख तुम्हाला अर्जात, शपथपत्रात, गृहभेटीत आणि बालकल्याण समितीसमोर सांगायची असते. चार ठिकाणी चार तारखा गेल्या तर शंका तुमच्यावरच येते.

नंतर त्यांनी एका कोऱ्या कागदावर बाण काढून चार कामं लिहिली आणि कागद माझ्याकडे सरकवला. पहिल्या दिवशी संस्थेकडून मिळालेली मदत म्हणजे हा कागद. पैसे नाहीत, शिधा नाही. (वह्या आणि मुलीचं दप्तर जुलैत मिळालं, त्याची रीतसर सही घेतली.) पण मी आधीच्या आठवड्यात जे करत होते ते उलट्या क्रमाने करत होते. फोटो काढला, बोनाफाईड आणलं, आणि ज्या कागदावर सगळं अडणार होतं त्याचा विचारच केला नव्हता. ताईंच्या कागदावर तो पहिला होता: "सोडून गेल्याचा पुरावा."

परित्यक्ता हा शब्द अर्जात लिहिताना हात थांबतो. टाकलेली, असाच त्याचा अर्थ. सरकारी कागदात दुसरा शब्द नाही म्हणून तोच लिहायचा, बोलताना मात्र केंद्रातल्या सगळ्याजणी "एकल" म्हणतात.

आता हा पुरावा कसा उभा करायचा? मृत्यूचा दाखला जसा नगरपालिका देते तसा परित्यागाचा दाखला देणारं एकच एक कार्यालय नाही. त्यामुळे तीन-चार लहान कागद जोडून तो तयार करावा लागतो. आमच्या फाईलमध्ये चार होते.

पहिला, पोलीस ठाण्यातल्या महिला व मुलांसाठी विशेष कक्षाची नोंद. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत १९८४ मध्ये हा कक्ष सुरू केला, आता राज्यात बऱ्याच ठिकाणी आहे. तिथे बसणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्या असतात, पोलीस नव्हेत, हे माहीत नसल्याने बायका जायला घाबरतात. तिथून नवऱ्याला संयुक्त बैठकीचं पत्र जातं. तो आला तर बोलणी होतात. आमच्या बाबतीत दोन पत्रांना तो आला नाही. "आला नाही" ही नोंद तारखेसह मागून घ्यायची, हाच आपला कागद. ज्यांच्या गावाजवळ असा कक्ष नाही त्यांना १८१ या महिला हेल्पलाईनवरून जवळचं सखी वन स्टॉप सेंटर किंवा संरक्षण अधिकारी यांचा पत्ता मिळतो.

दुसरा, सरपंचांचं पत्र. यात विशेषणं नकोत, कहाणी नको. अमुक महिन्यापासून या बाई दोन मुलांसह या पत्त्यावर राहतात, पती सोबत राहत नाहीत, एवढी तीन वाक्यं, जावक क्रमांक आणि शिक्का. मी आणलेलं पहिलं पत्र दीड पानांचं होतं, त्यात नवऱ्याला बरीच दूषणं होती. ताईंनी ते बाजूला ठेवलं आणि दुसरं आणायला सांगितलं. नवऱ्याच्या वकिलाच्या हाती असं पत्र लागलं तर सरपंचांनाच कोर्टात ओढायची सोय होते.

तिसरं, माझं शपथपत्र. ते टाईप करून देणाऱ्याने शंभर रुपयांचा बाँड मागितला. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क १ जुलै २००४ च्या आदेशाने माफ आहे. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचा बाँड बंद होऊन किमान पाचशेचा झाला, तेव्हा लोकांकडून सर्रास पाचशे घेतले जाऊ लागले. साध्या कागदावर करून द्या म्हणा, आदेशाची तारीख सांगा, आणि तरी नाही म्हणाले तर उठून दुसऱ्या टेबलाकडे जा. वाद घालण्यात दिवस घालवू नका.

चौथा कागद सगळ्यात वजनाचा: पोटगीच्या अर्जाची प्रत, कोर्टाच्या नंबरासह. घटस्फोट मागायची गरज नाही. बायकांना वाटतं आधी घटस्फोट, मग पुढचं सगळं. घटस्फोटाला वर्षं लागतात. पोटगीचा अर्ज दाखल झाला की त्याच दिवशी किंवा दोन दिवसांत नंबर पडतो, आणि "पती सांभाळ करत नाही" हे तुम्ही कोर्टात शपथेवर सांगितलं आहे याचा तो पुरावा असतो.

वकील फुकट मिळाला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण. १ जुलैला साधा अर्ज, आधारची झेरॉक्स आणि थोडक्यात हकीगत दिली, ९ जुलैला वकील नेमल्याचं पत्र आलं. राष्ट्रीय हेल्पलाईन १५१०० आहे. मोफत वकील लक्ष देत नाही अशी तक्रार ऐकू येते. माझा अनुभव एवढाच की तारखेच्या दोन दिवस आधी आपण स्वतः फोन केला तर फाईल त्यांच्या टेबलावर वर असते. वकील बदलून मागता येतो, पण त्यासाठी प्राधिकरणाकडे लेखी द्यावं लागतं.

१८ जुलैला दाखल केलेला अर्ज आक्षेप लावून परत आला. कारण बघा. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यामुळे पोटगीचं जुनं कलम १२५ आता १४४ झालं. टायपिस्टने जुन्या नमुन्यावर नावं बदलून दिली होती. दुरुस्ती करून २२ जुलैला पुन्हा दिला, नंबर पडला. अजूनही काही टेबलांवर जुना नमुना फिरतो, तेव्हा सही करण्याआधी कलम वाचून घ्या.

पोटगीच्या अर्जासोबत मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र लागतं. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात ते दोन्ही बाजूंना बंधनकारक केलं, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरावी असंही सांगितलं. म्हणून उशीर करणं म्हणजे रोज पैसे सोडणं. शपथपत्रात तुमचं स्वतःचं उत्पन्नही लिहायचं असतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा खड्डा इथेच आहे.

उत्पन्नाचा दाखला. सेतू केंद्राबाहेर एक जण भेटला, म्हणाला, "ताई, एकवीस हजाराचा काढून देतो, निराधारचंही होऊन जाईल." संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० पर्यंत लागतं, म्हणजे महिना १,७५०. एवढ्यात दोन मुलांचं घर कुणाचंच चालत नाही, त्यामुळे खोट्या दाखल्याचा मोह सरकारी आकड्यातच रुजलेला आहे. त्या योजनेचे महिना १,५०० दिसत असतात, माणूस घसरतो. ताईंनी हिशेब मांडला. तोच दाखला बालसंगोपनच्या फाईलमध्ये जाणार, तोच शाळेत जाणार, आणि कोर्टातल्या शपथपत्रात मी ६६,००० लिहिलेले असणार. एक बाजू खोटी ठरली की दुसरीही पडते. शिवाय गृहभेटीला येणारी व्यक्ती घरातलं शिलाई मशीन बघणारच आहे. मी ६६,००० चाच दाखला काढला. निराधार योजना सोडून दिली. ज्यांचं उत्पन्न खरोखर २१,००० च्या आत आहे त्यांनी मात्र ती जरूर करावी, अर्ज तहसील कार्यालयात जातो.

६६,००० च्या दाखल्याचा दुसरा उपयोग झाला. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व म्हणून दर मुलामागे महिना ४,००० मिळतात, त्याची उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० आहे. विधवा, घटस्फोटित आणि सोडून दिलेल्या आईची मुलं त्यात बसतात. एका मुलाला दोन्ही एकदम मिळत नाहीत. कागद जवळजवळ तेच, कार्यालयही तेच, म्हणून अर्जात दोन्हींसाठी विचार व्हावा असं लिहिलं. वात्सल्यची संख्या निधीवर ठरते. आमचं झालं ते बालसंगोपन.

दाखल्यासाठी ३ जुलैला अर्ज केला. तेव्हा फी ३३ रुपये ६० पैसे होती, पावती घेतली. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे उत्पन्नाचा दाखला पंधरा दिवसांत मिळायला हवा. मिळाला २९ जुलैला. त्यात कुणाची फार चूक होती असं म्हणणार नाही, १ जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले होते आणि सेतूसमोरची रांग रस्त्यावर आली होती. पंधरा दिवस उलटल्यावर प्रथम अपील करता येतं. तसं नुसतं विचारल्यावरही भाऊसाहेबांनी अहवाल त्याच दिवशी पाठवला. (तलाठ्यांचं पदनाम नंतर ग्राम महसूल अधिकारी झालं, पण भाऊसाहेब ते भाऊसाहेबच.) एक अडचण सांगून ठेवते: रेशनकार्डावर नवऱ्याचं नाव असेल तर त्याचंही उत्पन्न धरलं जाण्याची शक्यता असते. स्वयंघोषणापत्रात "पती विभक्त राहतात, कुटुंबाला उत्पन्न देत नाहीत" ही ओळ लिहून पोटगी अर्जाची प्रत जोडली. म्हणून कोर्टाचं काम आधी, दाखल्याचे कागद नंतर. मी दोन्ही एकाच आठवड्यात सुरू केल्याने मला ती प्रत मागाहून नेऊन द्यावी लागली आणि एक फेरी वाया गेली.

ऑगस्ट बँकेत गेला. मुलांच्या नावाने खाती हवी होती. सहा वर्षांच्या मुलासाठी काउंटरवर वडिलांची सही मागितली. आई पालक म्हणून खातं उघडू शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे की वडील प्रत्यक्ष सांभाळ करत नसतील तर आई ही नैसर्गिक पालक असते. खटल्यात समोरची बाजू खुद्द रिझर्व्ह बँक होती, हे सांगितल्यावर शाखाधिकाऱ्यांनी हसून फॉर्म पुढे केला. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं चालवता येतं, त्यामुळे मुलीचा प्रश्न आला नाही. तिने पहिल्यांदाच सही केली, तीन वेळा सराव करून.

खातं उघडणं सोपं, आधार जोडणी अवघड. इथे बहुतेक फाईली अडकतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे जोडलं गेलं असं सगळ्यांना वाटतं. ती झाली ओळख पटवण्यापुरती नोंद. सरकारी रक्कम आधारच्या आधारे येते तेव्हा ती राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत जे खातं शेवटचं जोडलेलं असेल तिथे जाते. यासाठी वेगळा संमती फॉर्म भरावा लागतो, त्याला सीडिंग म्हणतात. झालं की नाही हे आधारच्या संकेतस्थळावर "बँक सीडिंग" या भागात दिसतं, बँकेचं नाव आणि "सक्रिय" असा शेरा. मुलीचं शाळेने शिष्यवृत्तीसाठी काढलेलं एक जुनं खातं तिथे दिसत होतं, ते पासबुक हरवलेलं. नवीन खातं जोडायला नऊ दिवस लागले. मुलाचं आधार तो पाच वर्षांचा होण्याआधी काढलेलं, त्यामुळे त्यात बोटांचे ठसेच नव्हते. पाच ते सात वयात ठसे नोंदवणं फुकट होतं, सात उलटल्यावर तेव्हा शंभर रुपये पडत. हे मुलांचं वय बघून आधीच करून ठेवा, मोबाईल नंबरही त्याच वेळी स्वतःचा टाका. नवऱ्याचा नंबर असेल तर ओटीपी त्याच्याकडे जातो.

नावाचा घोळ राहिला. माझ्या आधारावर माहेरचं आडनाव, मुलांच्या जन्मदाखल्यावर आईचं सासरचं नाव. राजपत्रात जाहिरात द्या असं एकाने सांगितलं होतं. गरज पडली नाही. लग्नाचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं स्वयंघोषणापत्र चाललं.

३ सप्टेंबरला फाईल दिली. तीन संच केले: एक कार्यालयाला, एक केंद्राकडे, एक घरी. मूळ कागद दाखवून परत आणले. मूळ कागद कुणाकडेही ठेवू नये, चांगली संस्था ते मागतही नाही. त्याच खिडकीतल्या मॅडमनी यादी तपासली आणि पाचव्या क्रमांकाशी थांबल्या. ताईंच्या सांगण्यावरून त्या जागी चार कागद एकत्र टाचून वर "परित्याग: पुरावे अ ते ड" असा कागद लावला होता. त्यांनी आतल्या अधिकाऱ्यांना विचारलं आणि फाईल घेतली. आपल्या संचावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्जाचा फॉर्म फुकट असतो. बाहेर विकणारे असतात.

मग काहीच घडलं नाही. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, २० नोव्हेंबरला मतदान, कार्यालयातली निम्मी माणसं निवडणुकीच्या कामाला. या काळात फेऱ्या मारण्यात अर्थ नव्हता. दर पंधरा दिवसांनी आवक क्रमांक सांगून एक फोन, वहीत तारीख आणि बोलणाऱ्याचं पद, एवढंच ठेवलं. वाट बघताना सगळ्यात जास्त खचायला होतं. केंद्रात महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी एकल बायकांची बैठक असते, तिथे जाऊन बसल्यावर निदान इतरांच्या फाईलीही तिथेच अडल्या आहेत हे कळत होतं. एकीची फाईल बोनाफाईडवर मुलाचं नाव चुकल्याने परत आली होती. ते ऐकून मी रात्री आमची दोन्ही पाहिली, बरोबर होती.

१० डिसेंबरला गृहभेट झाली. आदल्या दिवशी फोन आला. सामाजिक कार्यकर्त्या पाऊण तास होत्या. भाडं किती, वीजबिल कुणाच्या नावावर, मुलं शाळेत नियमित जातात का, मी कामावर गेल्यावर कोण बघतं, आजारपण. शेजारच्या आजींशीही बोलल्या. घर विशेष आवरायची किंवा मुद्दाम दैन्य दाखवायची काही गरज नसते. मुलांच्या सांभाळाची सोय काय आहे, यावर त्यांचा भर होता. भाडेपावती, मुलांची प्रगतिपुस्तकं आणि लसीकरणाचं कार्ड हाताशी ठेवलं तर अहवालात दोन चांगल्या ओळी वाढतात.

२१ जानेवारीला बालकल्याण समितीसमोर बोलावलं. ही समिती बाल न्याय अधिनियम २०१५ खालची, अध्यक्ष आणि चार सदस्य, आणि तिला प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांचे अधिकार असतात. पत्रात "मुलांना हजर करावे" असं लिहिलेलं असतं, ते वाचून धडकी भरते. मुलांना आधी सांगून ठेवलं की तिथे शिक्षा होत नाही, कुणी घेऊन जात नाही, शाळेबद्दल विचारतात. मुलगा तरी माझा पदर धरूनच होता. मुलीशी समितीतल्या एक बाई एकट्या बोलल्या, दहा मिनिटं. तिला काय विचारलं ते मी अजून विचारलेलं नाही. मला विचारलं की पोटगी मिळाली तर काय. खरं ते सांगितलं: नोटीस "घर बंद" शेऱ्यासह परत आली आहे, कामाच्या जागेचा पत्ता देऊन पुन्हा काढली आहे, पैसे सुरू झाले तर कळवीन. (नोटिशीसाठी सुरुवातीलाच दोन्ही पत्ते द्यावेत, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं कलम सांगतं, पण नोटीसच पोचली नाही तर ते साठ दिवस सुरूच होत नाहीत.)

आदेशाची प्रत ३० जानेवारीला मिळाली. तिच्यावर मुलांची नावं, आधारचे शेवटचे चार अंक आणि खातेक्रमांक लगेच तपासले. मुलाच्या खातेक्रमांकात एक शून्य कमी होतं. तिथेच दाखवलं, दुरुस्तीला चार दिवस गेले. घरी येऊन पाहिलं असतं तर चार महिने गेले असते.

पैसे दर महिन्याला येतात अशी अपेक्षा ठेवू नका. निधी आला की तीन-चार महिन्यांचे एकदम येतात. ९ मे ला प्रत्येकाच्या खात्यात ६,७५० जमा झाले, तीन महिन्यांचे. या रकमेवर भाडं किंवा हप्ता बसवू नये, असं ताईंनी आधीच बजावलं होतं. शाळेची फी, गणवेश, चष्मा असे वर्षातून एकदा येणारे खर्च त्यावर टाकले की उशीर झाला तरी चूल अडत नाही.

अकरा महिन्यांचा माझा खर्च: झेरॉक्स २४०, फोटो ८०, सेतू ३३ रुपये ६०, टायपिंग १५०, एसटी आणि रिक्षा मिळून १,१२०. शिवाय कामाचे अकरा दिवस बुडाले, त्याची मजुरी वेगळी. फेऱ्यांपैकी निदान चार टाळता आल्या असत्या: खिडकीवरची पहिली, सरपंचांच्या पत्राची दुसरी, कलम चुकल्याची आणि दाखल्याला प्रत जोडायची राहिली ती.

आता पुढचं. आदेशावर मुदत लिहिलेली आहे, ती संपायच्या दोन महिने आधी मुदतवाढीचा अर्ज द्यायचा. १६ जूनला शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात दोन्ही बोनाफाईड, त्यावर चालू वर्ष आणि इयत्ता दोन्ही असल्याची खात्री करून. उत्पन्नाचा दाखला नवीन. मुलाचे सात पूर्ण होतील तेव्हा ठसे झालेले आहेत, ते काम संपलं. पोटगीची पुढची तारीख ८ जुलै, वकिलांना ६ ला फोन.